शेवटचा माणूस जेवेपर्यंत

अंकितने मूल्यमापनाचा कागद टेबलावरून सरांपुढे सरकवला. हॉटेलातल्या प्रशिक्षणात योगिनीला पन्नासपैकी चौदा. पास व्हायला वीस लागत.

जानराव सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता. सकाळी मंगरूळपीरच्या हॉटेलात प्रशिक्षणाला लावलेल्या मुलांचं काम तपासून ते एसटीनं मालेगावला आले होते. कंबर ठणकत होती.

"वर्गात पहिली येते रे ती," सर म्हणाले.

"येत असन सर. इथं मले टेबल पटकन खाली झालेलं पायजे."

अंकित हा गावातल्या मिश्रीलाल शेठजींचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी सरांच्याच हॉटेल-पर्यटनाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा, आता स्वतःचं हॉटेल चालवत होता. पोरगी वेळेवर येते, गोड बोलते, ऑर्डर कधी चुकत नाही, हे त्यानं आधीच कबूल केलं. पण एका टेबलावर पाच जण असले आणि चौघांचं आटोपलं, तरी पाचव्याचं होईस्तोवर ती एकही ताट उचलत नाही. बाजाराच्या दिवशी दारातून तीन कुटुंबं परत गेली. काहून नाही उचलत, असं विचारलं तर म्हणते, सरांनी असंच शिकवलं.

सरांनी शिकवलंच होतं. दर वर्षी जूनमध्ये ते बाकं भिंतीला सारून मुलांची पंगत बसवत. पुठ्ठ्याची ताटं, त्यांत चुरमुरे. मागे राहिलेल्या माणसासमोर बाकीची ताटं हलवली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असं सांगत आणि एकेका पोराला मुद्दाम मागे ठेवून ते करूनही दाखवत. पुस्तकात तेच आणि आपल्या घरातही तेच, हे सांगताना त्यांना अजून हुरूप येई. बाकी धडे आता ते नुसते उरकत.

"मी चूक शिकवलं का रे?"

"नाही सर. पण तुमच्या वर्गात दाराशी गिऱ्हाईक उभं नसते."

नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलनं योगिनीला निवडलं होतं, पण पासाचा दाखला दाखवायचा होता. नापास झाली तर लग्नाचं पाहू, असं तिच्या बापानं सरांनाच बजावलं होतं. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थ्याकडे गुणांसाठी शब्द टाकला. अंकितनं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, तुमच्यासाठी आणखी एका टेबलावर तिचं काम पाहतो. आत्ता, तुमच्यासमोर.

खिडकीजवळ दोन भाऊ, एकाची बायको आणि त्यांचा म्हातारा बाप बसले होते. तिघांचं जेवण होऊन ते मोबाइल पाहत होते. म्हाताऱ्याला दात नव्हते. तो भाकर वरणात कुस्करून, भिजली की एकेक घास घेत होता. दाराशी सहा-सात माणसं ताटकळत होती.

अंकितनं योगिनीला बोलावून सगळं सांगितलं. ती अंकितकडे नाही, सरांकडे पाहू लागली.

"सर, त्या बाबाचं अर्धंबी नाही झालं अजून. काय करू?"

सरांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उचल, पोरी."

तिनं ताटं उचलली ती अगदी शिकवल्याप्रमाणे. उजव्या बाजूनं, वाटीला वाटी न लागू देता. एक, दोन, तीन. उघड्या पडलेल्या टेबलावर म्हाताऱ्याचं ताट एकटं राहिलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, दारातली माणसं पाहिली, आणि पाण्याचा गिलास घटाघटा संपवला. भिजवलेली भाकर तशीच होती.

"झालं माय, झालं माह्यं. ने," तो ओशाळून म्हणाला.

योगिनीचा हात क्षणभर पुढे झालाच नाही. मग झाला.

अंकितनं चौदाच्या आकड्यावर रेघ ओढून बत्तीस लिहिले आणि सही केली. सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

कोपऱ्यातल्या बेसिनपाशी म्हातारा उभा होता. दाबला तरच पाणी येणारा नळ; एका हातात काठी, दुसरा वरणानं भरलेला. त्याची पोरं बाहेर मोटरसायकलपाशी गेली होती. सर उठले, हळूहळू तिथवर गेले, आणि त्याचा हात स्वच्छ होईपर्यंत नळ दाबून उभे राहिले.