खदूजाच्या दारातला थांबा

डॉक्टरांनी माझे रोजे बंद केले, तेव्हापासून मी जिभेचा रोजा धरते. खोटं बोलायचं नाही, कुणाचं वाईट बोलायचं नाही. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायला गफ्साच्या इस्पितळात जावं लागतं, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. पहाटे फजरच्या नमाजानंतर रिधाची व्हॅन येते. पूर्वी आम्ही पाच जण होतो, आता तिघं उरलोत.

थांबे मात्र पाचच. आमच्यातला तिजानी वारला, तेव्हा रिधाने त्याच्या दारावरून गाडी तशीच पुढे काढली होती. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर, माझ्या शेजारी बसल्या बसल्या खदूजा गेली. मरण अल्लाहच्या हाती, हे मला कळतं. तरी तेव्हापासून गेलेल्यांच्या दारात गाडी थांबते, आम्ही फातिहा म्हणतो, मग निघतो. इंजिन बंद करायची सोय नाही. एकदा बंद केलं की धक्का मारावा लागतो, आणि धक्का मारणारे कोण, तर आम्ही.

खदूजाच्या भिंतीवर धुराचा काळा डाग पडलाय. तिचा नवरा लझहर दारात उभा राहून गाडीकडे बघतो आणि खोकतो. चाळीस वर्षं खाणीतली फॉस्फेटची धूळ खाल्लेली छाती ती.

सोमवारी त्याची मुलगी मुनीरा खिडकीशी आली. "खाला, तुमची दुआ आईला पोचते, पण धूर बाबांच्या छातीत उतरतो. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा जपा."

"मग त्यांना घरात बसव की," रिधा म्हणाला.

"बसतात होय? तुझा हॉर्न वाजला की आईची इस्पितळाची पिशवी घेऊन उठतात."

बुधवारी मी रिधाला म्हटलं, "त्यांच्या गल्लीत नको शिरूस. चौकातच थांब, मी चालत जाऊन येते."

"खाला, तुझे पाय बघ, सुजून पखाली झालेत. आणि दार चुकलं तर? पुढचा नंबर कुणाचा?"

"माझा समज. थांब."

लझहर दारातच होता, हातात पिशवी. खोकला नव्हता. गल्लीत कित्येक दिवसांनी भट्टीतल्या रोटीचा वास येत होता.

"गाडी कुठंय?"

"चौकात. आता तिथंच थांबेल."

त्याने जरा कान देऊन ऐकलं. मग पिशवी माझ्या हातात दिली. "तिला म्हणावं, शाल आत ठेवलीय. त्या वाटेवर तिला थंडी वाजते."

मी फातिहा म्हटली, पाय ओढत परत आले आणि पिशवी खदूजाच्या सीटवर ठेवली. रिधा आरशातून बघत होता. गाडी काढत नव्हता.

"बसली का?"

सात वर्षांत माझा जिभेचा रोजा एकदाही मोडला नव्हता. मी शेजारी पाहिलं. सीट खाली दबली होती, एका शालीच्या वजनाने दबेल त्याहून खोल.

"बसली," मी म्हटलं. "चल."