एसटी स्टँडसमोरचा फळा

यावलच्या एसटी स्टँडसमोरच्या फळ्याला गावात सगळे ‘पेपर’ म्हणत. ज्याला जे सांगायचं असेल त्यानं चिठ्ठी आणून द्यावी आणि तोतारामनानांनी ती सकाळी खडूनं उतरवावी, अशी रीत नऊ वर्षं चालली होती. हरवलेलं वासरू, बारसं, दहावा आणि तीन-चार आडत्यांचे केळीचे भाव. खाली कुणी उत्तर लिही, कुणी त्या उत्तराची टिंगल करी.

खर्च नानांच्या पेन्शनीतून निघे. पण सत्त्याऐंशी साली फळ्याचा काळा रंग पार उडाला, अक्षरं दिसेनात, आणि रंगापुरते पैसे काही उरेनात. वर्गणी मागणं नानांना जन्मात जमलं नसतं. शेवटी केळीचे आडते सुभाषचंद शेठ यांनीच विषय काढला. रंग, खडू, वर पत्रा, सगळं दरसाल त्यांच्याकडून. फक्त फळ्यावर भाव त्यांच्याच आडतीचा लागावा.

“लोक देवळाला पायरी बांधून देतात नि वर नाव कोरून घेतात,” नानांच्या मदतीला येणारा पंडित शिंपी म्हणाला. “हा तर नुसता भाव मागतोय. घ्या.”

नाना शेठजींना “बघतो” म्हणून आले. नानांचं ‘बघतो’ म्हणजे होकारच, हे गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई आली. तिची एकरभर केळी होती, पण वाचता येत नसे. भाव ती नानांकडून ऐकून घेई. नानांनी एकच भाव सांगितला. बाकीचे कुठं गेले, असं तिनं विचारलं, तेव्हा ते खाली बघत सगळंच बोलून गेले.

“आमाले वाटे, नगरपालिका तुमाले पगार देते,” ती म्हणाली. “तुमी सांगतलं काहून नाही, नाना?”



बेबाबाईनं ते गल्लोगल्ली सांगितलं, फळ्याला काळं हवंय हेही. केळीला रात्रीचं पाणी भरणाऱ्यांच्या घरी बॅटरीचे संपलेले सेल कोनाड्यात पडलेलेच असतात. संध्याकाळपर्यंत फळ्याखाली त्यांचा ढीग झाला. शाळेत करतात तसं पंडितनं सेल फोडून आतला काळा मसाला पाल्याच्या रसात खलला. उद्या गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा या हातांनी कसा शिवू, म्हणून कुरकुरत त्यानं सगळा फळा घासून काढला.

मग नाना आडतीवर गेले. दारात दोनदा घुटमळले.

“शेठ, जमायचं नाही.”

शेठ रागावले नाहीत. “सेलच्या काळ्यानं पावसाळा निघेल का, नाना?”

“नाही निघणार,” नाना म्हणाले. “पुन्हा गावाकडं मागावं लागेल.”