अर्धी माफी

सामीने मार्चमध्ये आमचा पगार वाढवला, तेव्हा कपड्यांच्या कारखान्यातल्या एकशे चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिचाऱ्यांना आतली गोम ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, कारण पगारपत्रक मीच करते, आणि तरीही मी टाळ्या वाजवल्या.

राजनील सामी आमचा मॅनेजर. आमच्या बेटावरच्या लाउतोका शहराबाहेर ज्याने कधी चार दिवस काढले नव्हते, तो ऑकलंडला सहा आठवड्यांचा कोर्स करून आला आणि जेवताना काट्याने भात खाऊ लागला. त्या कोर्सातून त्याने एकच अक्कल आणली. आधी आठवड्याला दोनशे तीस डॉलर मिळायचे, सगळा मूळ पगार. आता झाले दोनशे चाळीस. पण त्यात मूळ पगार एकशे वीस, कायद्याच्या किमान रेषेला जेमतेम चाटून जाणारा; बाकी हजेरी भत्ता, जेवण भत्ता, बस भत्ता आणि टापटीप भत्ता. टापटीप कसली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या स्वतःच्या शर्टावर आठवड्यातले पाच दिवस रश्शाचा डाग असतो.

केक कापला, पत्रांवर सह्या झाल्या. वाचलं कोणीच नाही. आमच्याकडे खाऊ घालणाऱ्याच्या कागदात नाक खुपसणं वाईट दिसतं, आणि सामीसारखी माणसं या चांगुलपणावरच पोसली जातात.

खोच अशी होती. द्यायचं ते मूळ पगारावर, कापायचं ते पूर्ण पगारावर. एक खाडा झाला की दिवस कापला जाई दोनशे चाळीसच्या हिशेबाने, वर आठवड्याचा हजेरी भत्ता गुल. नाताळचा बोनस मात्र दोन आठवड्यांचा मूळ पगार. आणि नोकरी सोडताना मिळायची ती रक्कमसुद्धा दर वर्षामागे एका आठवड्याचा मूळ पगार.

त्या डिसेंबरात नोकरी सोडणार होती तिमालेती. तीस वर्षं कॉलर शिवणारी. सगळा कारखाना तिला बुबू म्हणतो, म्हणजे आजी. तिचं घर रा नावाच्या भागातल्या एका गावात. वादळाने छप्पर नेलं, तेव्हापासून तिची आंधळी बहीण तिथे ताडपत्रीखाली राहते. पत्रे, वासे, खिळे मिळून सहा हजार आठशे, असा दुकानदाराचा कागद तिने मशीनच्या खणात ठेवला होता. तीस आठवडे गुणिले दोनशे तीस, सहा हजार नऊशे. शंभर डॉलर उरतील, त्यात बहिणीला गादी घेईन म्हणायची.

पगाराची चिठ्ठी घेऊन ती माझ्या खिडकीशी आली.

"सुभाषनी, बाळा, यंत्र बिघडलंय का तुझं? तीन हजार सहाशे आलेत."

"यंत्र बरोबर आहे, बुबू."

"मग मी पंधराच वर्षं आले का गं इथे?"

मी तिला सगळं उलगडून सांगितलं. ती ऐकत राहिली. "तुला मार्चमध्ये कळलं होतं?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिने चिठ्ठीची नीट घडी घातली, आणि मला माझीच किळस आली.

तोवर बोनसच्या चिठ्ठ्या बाकीच्यांच्याही हातात पडल्या होत्या. चारशे साठ धरून बसलेल्या बायकांना दोनशे चाळीस. अकरा वाजता मशिनी बंद झाल्या. तिकडे न्यूझीलंडची शाळेच्या गणवेशांची ऑर्डर खोळंबलेली. सामीच्या तोंडचं पाणी पळालं. मग या गृहस्थाला आपल्या देशाचे रीतिरिवाज आठवले.

दुपारी तो बाजारातून यंगोनाच्या, म्हणजे आमच्याकडे कुटून पाण्यात कालवून पितात त्या झुडपाच्या, मुळांची मोठी जुडी घेऊन आला. चूक झाली की ही मुळं पुढे ठेवून माफी मागायची. ज्येष्ठाने जुडीला हात लावला, सगळ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या, की विषय संपला. मग त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. चार डॉलरची चटई आणि ऐंशी डॉलरची मुळं, एवढ्यात तो एकशे चाळीस बायकांची तोंडं शिवायला निघाला होता. जन्मात यंगोनाच्या बैठकीला बसला नाही. मशिनींच्या हॉलमध्ये चटईवर पावसाळी बेडकासारखा पाय पोटाशी घेऊन बसला. आपल्या वतीने बोलायला कटिंग खात्यातला इलाइतिया धरून आणला होता. इलाइतियाने खाली मान घालून माफीची दोन वाक्यं म्हटली. त्यालाही लाज वाटत होती.

एक गोष्ट मात्र सामी कोर्सात शिकला नव्हता. माफी मागणाऱ्याने उत्तर येईपर्यंत मान वर करायची नसते आणि चकार शब्द काढायचा नसतो.

तिमालेती पुढे झाली. जुडीला हात न लावता तिने विचारलं, "किती मुळं आहेत, इलाइतिया?"

"वीस असतील, बुबू."

तिने दोरी सोडली. एकेक मूळ उचलून मांडू लागली. दहा आपल्याकडे ओढली, दहा सामीच्या गुडघ्यांपाशी सरकवली.

"सामीबाळा, ही दहा मूळ पगारातली. ती घेतली. तुझी उरलेली दहा भत्त्यातली दिसतात. भत्त्यावर काही देता येत नाही, असं तूच लिहिलंयस ना?"

सामीची मान वर येऊ लागली. "खाली," इलाइतिया पुटपुटला, आणि ती खाली गेली.

"अर्धी माफी दिली तुला. उरलेली तीन हजार तीनशेला मिळेल. या पोरींची माफी कितीला, ते त्यांनाच विचार."

एकही टाळी वाजली नाही. मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसू लागला. सामी दहा मुळांपुढे तसाच बसून होता. उठावं की नाही, हे त्याला कोणी सांगेना.

तिमालेती माझ्याकडे वळली. "सुभाषनी, मार्चच्या आधीची पत्रकं आहेत तुझ्याकडे?"

"तीसही वर्षांची आहेत."

"उद्या मजूर कचेरी आठला उघडते. तू येशील?"

उद्याचा दिवस माझा कापला जाणार होता, पूर्ण पगाराने. "येईन, बुबू," मी म्हणाले, आणि सामीच्या शेजारून पत्रकांच्या कपाटाकडे गेले.