मागे वळून पाहणारे

आजीने चादर भिंतीवर ताणून धरली आणि नातीने तिचे कोपरे खिळ्यांना बांधले.

"बाबा, बसा ना आता. माझी फिल्म लावते."

"फिल्म!" आजीचा मुलगा दारातच उभा होता. "मूव्ही असती तर लोक तिकीट काढून आले असते. फिल्मला बक्षिसं मिळतात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. दाखव, पण ठरलंय ते ठरलंय. मला पटलं नाही, तर तुझ्या कामाला मागची खोली मिळायची नाही. उद्या भाडेकरू येईल."

"मूव्ही बघून माणूस घरी जातो, बाबा. फिल्म त्याच्याबरोबर घरी येते."

"येते ना? मग भाडं देते का?"

आजीने पदराआड हसू दाबलं. थिएटरच्या तिकीटखिडकीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. 'मूव्हीची तिकिटं द्या' म्हणणारे पोराबाळांसकट, गलका करत यायचे. 'फिल्म कधी सुरू होते' असं विचारणारा बहुधा एकटा असायचा आणि कडेची खुर्ची मागायचा. पण तिचा भरवसा शब्दांवर नव्हता. खेळ सुटला की ती दाराशी जाऊन उभी राहायची. ज्याच्या काळजाला काही लागलेलं असे, तो बाहेर पडताना एकदा वळून कोऱ्या पडद्याकडे बघायचा. मग तो मूव्हीवाला असो, नाहीतर फिल्मवाला.

मुलगा आत येऊन बसला आणि नातीने दिवा मालवला. चादरीवर एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता. त्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. थोडा पुढे गेला, परत आला, पुन्हा ओढून पाहिलं. चेहरा कुठेच दिसत नव्हता. पाठ मात्र घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची होती.

"एवढा वाकलो मी?" अंधारात मुलगा म्हणाला.



चित्र संपलं. "ना गाणं, ना मारामारी," असं पुटपुटत तो उठला. नात खाली मान घालून चादरीच्या गाठी सोडायला लागली. आजीने तिचा हात धरला.

"थांब जरा."

उंबऱ्याशी मुलाचं पाऊल अडखळलं. त्याने मान वळवली आणि कोऱ्या चादरीकडे बघत राहिला.

आजीने खुंटीवरून मागच्या खोलीची किल्ली काढली आणि नातीच्या मुठीत दिली. मुलाने ते पाहिलं.

"कुलूप ओढून बघत जा," तो म्हणाला. "दोनदा."