शुक्रवारचे दोन रोहू

काठावर अकरा बगळे. पाणी वीतभर, मासे चोचीजवळ. एकही बगळा वाकत नाही.

एव्हरशाईन सिटीतल्या एका फ्रिजवर, चुंबकाखाली, सोनोग्राफीचा काळपट फोटो.

चिखलात टँकरच्या चाकांचे रुंद ठसे. पाण्यापर्यंत आलेले, तिथूनच मागे वळलेले.

पत्र्याच्या डबीत लसूण घालून मळलेली कणीक. सकाळी होती तेवढीच.

ती डबी काठावर विसरली म्हणून डॉमनिक भर दुपारी उमेळ्याच्या तळ्यावर परत आला होता. डबी खिशात टाकून वर पाहिलं, तर पाणी हलत होतं. वारा नव्हता. शेकडो तोंडं पाण्याबाहेर येऊन उघडझाप करत होती, आवाज न करता.

"डॉमनिक काका, आज गळबिळ ठेवा घरी!"

जितेश गुडघाभर पाण्यात उभा राहून हातानेच मासे उचलत होता. नव्या बिल्डिंगमधला मुलगा, सुट्टीच्या दिवशी महागडी काठी घेऊन येणारा. ती काठी आज गवतात पडली होती आणि त्याच्या हातात गोणी होती.

"समुद्र बंद, तर तळ्याने दुकान उघडलंय बघा. या, तुम्हीपण घ्या!"

"पान्याबाहेर ये आधी."

"अहो, गरमी आहे ही. पाणी आटलं की ऑक्सिजन कमी पडतो. यूट्यूबवर आहे सगळं."

असं होतं, हे डॉमनिकला ठाऊक होतं. जून उजाडून पाऊस लांबला की पहाटे चिलापी वर येते, रोहू येतो, ऊन चढलं की खाली जातात. त्याने स्वतःलाही तेच सांगून पाहिलं. तेवढ्यात पायाशी, जलपर्णीच्या मुळांत, काहीतरी पांढरं दिसलं. त्याने वाकून ते ओढून काढलं.

मरळ. हातभर लांब, पोट वर.

मरळ वरची हवा पिते. तळं आटलं तरी ओल्या चिखलात दिवस काढते. पाण्यातली हवा संपली म्हणून मरळ मेलेली त्याने पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. त्याने बोटं नाकाशी नेली. रंगाच्या दुकानात येतो तसा वास.

"हिला रे कुठला ऑक्सिजन कमी पडला?"

जितेशने मरळीकडे पाहिलं, मग पाण्यात बुडालेल्या स्वतःच्या पायांकडे. गोणी त्याच्या हातून सुटली.

तोवर डॉमनिक फोन कानाला लावून रस्त्याकडे धावत सुटला होता. याच पाण्यातून सकाळी काढलेले दोन रोहू त्याने नऊ वाजता मुलीच्या हातात दिले होते. सुझान, एकुलती एक. सातवा महिना. शुक्रवार, म्हणून मटण नाही. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, म्हणून समुद्राची ताजी मासळी नाही. "खा पोटभर, नातू हुशार होईल," असं वर म्हणूनही आला होता.

रिंग वाजत राहिली.

एव्हरशाईन सिटीकडे निघालेली रिक्षा पुलावर अडकली. तो 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणू लागला आणि तिसऱ्या शब्दाला थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

रिक्षा गेटवर थांबवून तो वर धावला. सुझानने दार उघडलं ती डोळे चोळतच.

"काय झालं पप्पा? फोन सायलेंटवर होता. झोपले होते."

"मासे खाल्लेस?"

"हो, मस्त झाले होते."

त्याने तिचा दंड धरला. "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय. तळ्यात कुणी कायतरी ओतलंय, मासे मरतायत. मळमळतंय का? बाळ हलतंय?"

"पप्पा, थांबा जरा."

"थांबू काय? चप्पल घाल!"

"पप्पा, मी नाही खाल्ले."

त्याचा हात सैल पडला. "आत्ता म्हणालीस."

"दर शुक्रवारी तेच म्हणते." ती फ्रिजवरच्या फोटोकडे बघत होती. "तळ्यातलं पाणी कसलं असतं, भीती वाटते मला. तुम्ही एवढ्या हौसेने आणता. कसं सांगणार?"

डॉमनिक भिंतीला टेकला. तीन वर्षं. रस्सा पुरला नाही, कोकम जरा जास्त पडलं, यांनी माशाचं डोकं मागून घेतलं. एवढं सगळं ती रचत होती. त्याला हसू आलं, ते अर्ध्यावर राहिलं.

"मग खातं कोण?"

सुझानचा हात तोंडाकडे गेला.

"वॉचमनच्या बायकोला देते. मीराला."

लिफ्टची वाट न बघता तो चार मजले उतरला. पंपाच्या खोलीमागे वॉचमनची खोली. दारात मीरा पातेलं घासत होती.

"तुमीच ना काका, रोहू आणणारे?" तिने हात पदराला पुसले. "येता-जाता बघते ना, वळखते मी तुमाला. आमी जव्हारकडचे, नदीची मासळी खाणारे. पोरगी तर शुक्रवार कवा येतो विचारत बसते. एरवी हिच्यामागं ताट घेऊन फिरावं लागतं."

"आज?"

"आज दोन वाट्या रस्सा प्याली. बारालाच जेवलो सगळी."

पावणेतीन वाजत होते. आत गोधडीवर चार-पाच वर्षांची मुलगी झोपली होती. तिचं तोंड उघडं होतं. मिटलं. पुन्हा उघडलं.

डॉमनिक उंबऱ्यावर बसला आणि त्याने मुलीच्या तळपायावर हात ठेवला.

"उठव तिला."

"आत्ता कुठं डोळा लागलाय, काका."

"उठव, मीरा. नवऱ्यालाही हाक मार. गेटवर रिक्षा उभी आहे, तुम्ही सगळे चला."

"का वो? काय झालं?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. मीराने पुढ्यातलं पातेलं बाजूला सारलं.

सकाळी साडेसहाला पहिला रोहू पाण्यावर तोंड उघडून होता; तो लागला तेव्हा गळाला कणीक लावलेली नव्हती. दुसरा लागला तेव्हाही नव्हती.