गुलाबी तेल

अपघातानंतर दीप्तीच्या डाव्या पायाला क्लच झेपत नसे, म्हणून तिने जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. लेकीला पाळणाघरात सोडून ती त्याच गाडीने मोहोपाड्याला कामावर जाई. महिनाभर रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. खाली थेंब दिसत नव्हता, तरी ती रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतत होती.

खालापूरच्या रज्जाकचाचांनी गॅरेजात गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, तशी चिमुकली संबोधी ओरडली, "आई, गुलाबी दूध!"

"पोरीला दिसलं, तुला नाय गं!" चाचा म्हणाले. "तेल थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातनं जातं, ती नळी आतच फुटलीय, म्हणून लाल तेलात पाणी मिसळून ते गुलाबी झालंय. तू पाणी गिअरबॉक्सला पाजत होतीस."

"गेला का हो गिअरबॉक्स?" दीप्तीने विचारलं.

"चढावर कळेल."

चाचांनी तेल दोनदा बदललं, नळ्या रेडिएटरपासून तोडून तिथली तोंडं बुजवली, पुढच्या जाळीमागे तेलासाठी वेगळा छोटा कूलर बसवला आणि गाडी घाटाचा चढ चढवून आणली. गिअर कुठेच अडखळला नाही. पुन्हा पट्टी काढली. तेल लालचुटूक होतं.

दीप्तीने सीटखालची पाण्याची बाटली काढून लेकीच्या हाती दिली.

"घे गं, आता तूच पी."