शेजारच्या घरांची सरासरी

पाहणीवाल्या बाईंनी घरोघर भरायला दिलेल्या खर्चाच्या वहीचं मागचं पान उलटून पाहिलं. तिथं रोज अर्धा लिटर दूध, आठवड्याला किलोभर सफरचंदं. या आठवड्यात दोन्ही रकान्यांत शून्य.

“अचानक काय झालं हो?”

“काही नाही झालं,” मुलीची आई शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली. “आधीही शून्यच होतं. शेजारच्या वहिनींचं अक्षर चांगलं, म्हणून अख्ख्या गल्लीनं त्यांचीच वही उतरवून काढली. चारचौघांत शोभा नको, म्हणून. पण परवा कळलं, कुणाच्या मुलांना फुकट दूध द्यायचं ते यावरून ठरणार. मग म्हटलं, लाज गेली खड्ड्यात.”

मुलगी पलंगावर पडून होती. ताप नव्हता, पण अंगात त्राणही नव्हतं. डॉक्टरांनी दूध सांगितलं होतं. सांगायला त्यांचं काय जातं.

“खरं लिहिलंत, बरं केलंत,” बाई म्हणाल्या. वही त्यांनी जपून पिशवीत ठेवली.

कचेरीत आकडे भरताच संगणकानं ती ओळ लाल केली.

“हे घर चुकलंय,” आकडेतज्ज्ञ साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नुसता कधी खुर्चीतून उठला नव्हता. “गल्लीतली एकोणतीस घरं बरोबर अर्धा लिटर घेतात. आणि ही एकटीच शून्य?”

“तीच खरी आहे, साहेब. बाकीच्यांनी एकीचं बघून लिहिलंय.”

“तसं लेखी आहे का काही?”

लेखी होत्या त्या एकोणतीस वह्या. बाईंना राग आला, तोही स्वतःचाच. सगळ्या वह्या एकसारख्या निघाल्या तेव्हा काम सोपं झालं म्हणून त्याच खूश झाल्या होत्या.

साहेबांनी कळ दाबली. न पटणाऱ्या घरात शेजारच्या घरांची सरासरी भरायची, असा नियमच होता. ओळ काळी झाली. रोज अर्धा लिटर दूध.

महिन्याभरानं यादी लागली. त्या गल्लीतलं एकही घर तिच्यात नव्हतं. बाई स्वतः सांगायला गेल्या, दारातच उभ्या राहिल्या.

“मी खरं लिहिलं होतं, ताई.”

“हो.”

“आता बाकीच्या बायकाही तयार आहेत. सगळ्यांना समजावलंय मी. पुन्हा वह्या कधी देणार?”

“पाच वर्षांनी.”

आईनं सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा जमलं नाही, मग जमलं.

“चालेल,” ती पलंगाकडे न बघता म्हणाली. “तेव्हा पहिल्या दिवसापासून खरं लिहीन.”